तीस सप्टेंबरच्या आत: ओढ्याकाठच्या एका शाळेचं प्रकरण

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण नेहमी चर्चेला ठेवतो. शाळेचं नाव, क्रमांक, माणसांची नावं गाळली आहेत. आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी

पुण्यात पूर म्हटलं की पानशेत आठवतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासल्याचंही गेलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगर अशा तेव्हाच्या गावाबाहेरच्या भागांत वसवलं. तेव्हापासून शहराच्या मनात पूर हा नदीचा विषय आहे. पुलाची वाडी, डेक्कन, नारायण पेठ इथली माणसं खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलं हे पावसाळाभर बघत असतात. ओढ्याकाठचा माणूस काय बघणार? त्याला क्युसेक कळवणारं कोणी नसतं.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात निघतो, कात्रजच्या तलावातून खाली उतरतो आणि अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. वर्षाचे दहा-अकरा महिने तो नाल्यासारखा वाहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात ढगफुटीसारखा पाऊस पडला आणि काही तासांत या ओढ्याने भिंती पाडल्या, सोसायट्यांतल्या गाड्या वाहून नेल्या. शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. पानशेतचं पाणी निदान दिवसाउजेडी आलं होतं. हे आलं तेव्हा घरोघरी जेवणं उरकत होती.

प्रकरणातली शाळा याच ओढ्याच्या एका वळणावर आहे. दुमजली इमारत. सकाळी मुलींची शाळा, दुपारी मुलांची, दोन्ही सातवीपर्यंत आणि मराठी माध्यमाच्या. तळमजल्याच्या एका कोपऱ्यात बालवाडी. दोन्ही शाळांचे मुख्याध्यापक वेगळे, पण मुलांच्या शाळेचं पद रिकामं असल्यामुळे कार्यभार मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे होता. वस्तीत त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणतो. मुलं बहुतेक आसपासच्या वस्त्यांतली. बाप रिक्षा चालवणारे, मार्केट यार्डात हमाली करणारे, बांधकामावर जाणारे. आया चार-पाच घरची कामं धरणाऱ्या.

त्या रात्रीनंतर

२६ ला, गुरुवारी, शाळांना सुट्टी जाहीर झाली. मोठ्या बाई तरीही सकाळी पोचल्या. ओढ्याकडची संरक्षक भिंत आडवी झाली होती. तळमजल्यात पाणी छातीपर्यंत येऊन गेल्याची खूण भिंतीवर सरळ रेषेत उमटली होती आणि फरशीवर घोट्याएवढा गाळ होता. विजेचा मुख्य पॅनेल त्या रेषेच्या खाली. स्वच्छतागृहांतून पाणी उलटं आलेलं. पोषण आहाराची खिचडी ज्या पातेल्यांत यायची ती पटांगणापलीकडच्या झाडाला अडकली होती. वरचा मजला कोरडा होता.

कार्यालय तळमजल्यावर आणि कार्यालयातलं लोखंडी कपाट बंद. दार गाळाने आणि फुगलेल्या कागदांनी आतून घट्ट बसलेलं. शाळेच्या मावशींनी पहार आणली तेव्हा ते उघडलं. खालच्या दोन कप्प्यांत जनरल रजिस्टरं होती, अगदी जुनी सगळ्यात खाली, कारण ती जड.

शाळेबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म-जात, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण हे सगळं जनरल रजिस्टरात असतं. पुढे आयुष्यभर जो शाळा सोडल्याचा दाखला दाखवायचा, तो या नोंदीवरून निघतो. जात पडताळणीसाठी तर बापाच्या, आजोबांच्या शाळेतल्या नोंदी शोधत माणसं गावोगाव हिंडतात. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या घरात जमिनीचा सातबारा नाही तिथे आजोबांची शाळेतली ओळ हाच पुरावा. त्या कपाटातली खालची रजिस्टरं त्या काळातली होती.

प्रश्न नेमका काय होता

वरवर पाहता प्रश्न इमारतीचा. प्रशिक्षणात हे इथवर सांगून थांबलं की बहुतेक मुख्याध्यापक म्हणतात, "आधी गाळ काढा, मग संरचना तपासणी, मग वर्ग." चुकीचं काही नाही. पण मग मी त्यांना कॅलेंडर देतो.

२५ सप्टेंबर बुधवार. २६ सुट्टी. २७ शुक्रवार, २८ शनिवार म्हणजे सकाळची शाळा, शिवाय सर्वपित्री अमावस्या. २९ रविवार, घटस्थापना. ३० सोमवार. आणि शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मंजूर हे, ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरते. पट घसरला तर पुढच्या वर्षी शिक्षक 'अतिरिक्त' होऊन दुसरीकडे जातात. शिक्षक गेले की पालक मुलं काढतात, मुलं काढली की पट आणखी घसरतो. पुण्यातल्या कितीतरी मराठी शाळांची उतरंड अशीच सुरू झालेली आहे, तिला पूर लागला नाही.

दुसरी गोष्ट, विधानसभेची आचारसंहिता २१ सप्टेंबरलाच लागली होती आणि मतदान २१ ऑक्टोबरला होतं. आपत्तीच्या कामांना सूट मिळते, पण हे काम त्या सवलतीत बसतं असं कोणीतरी सहीनिशी म्हणावं लागतं, आणि आचारसंहितेत सही ही दुर्मिळ वस्तू असते. वर शिक्षकांना निवडणुकीची ड्यूटी. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना शाळाबाह्य कामं देता येत नाहीत, अपवाद तीन: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. या शाळेच्या वाट्याला त्यातले दोन एकाच महिन्यात आले.

आणि तिसरी, जी आपत्तीत सगळीकडे होते: सगळ्यात जवळची कोरडी शाळा म्हणजे निवारा केंद्र. चढावरच्या ज्या शाळेत ही मुलं सहज बसली असती तिथे त्यांच्याच घरची माणसं सतरंज्या टाकून झोपली होती.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय शिक्षण विभागाच्या बैठकीत आला आणि तो वाईट हेतूने आला नव्हता. मुलांचं तात्काळ समायोजन करा, म्हणजे सातारा रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या शाळेत त्यांना दाखल करा. तिथे खोल्या रिकाम्या होत्या, बाकं होती, शिक्षण एक दिवसही बुडलं नसतं. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, ती अट नकाशावर जवळपास पूर्ण होत होती. मात्र नकाशात सातारा रस्ता ही नुसती एक रेघ असते. स्वारगेट ते कात्रज बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठीच्या मार्गिका, दोन्ही अंगांना वाहनं, आणि ती ओलांडणार सहा वर्षांची पोर, तिची आई सकाळी सहालाच कामावर गेलेली. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा, ज्या स्वतः घरकाम करतात, बैठकीत एवढंच बोलल्या: "सर, पोरगी पोचली का नाही हे मला कोण सांगणार? फोन तर माझ्याकडे, आणि मी मॅडमच्या घरात भांड्यावर."

दुसरा पर्याय, शाळेचं नाव, पट, शिक्षक सगळं तसंच ठेवायचं आणि नुसतं बसायचं दुसऱ्याच्या इमारतीत, सत्रं वाटून. यात अडचण निवारा केंद्राची.

तिसरा, आपल्याच वरच्या मजल्यावर अर्धी शाळा भरवायची. पण खालचा पाया पाण्यात राहून गेलेला. अभियंत्याने पाहून लेखी दिल्याशिवाय मुलांना जिना चढू देणं म्हणजे उद्या काही झालं तर मोठ्या बाई एकट्या.

चौथा पर्याय आठवड्याभराने आला. एक सेवाभावी न्यास पुढे आला. इमारत आम्ही दुरुस्त करतो, संगणक कक्ष देतो, पुढची काही वर्षं शाळा आम्ही चालवतो, पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची तुकडी सुरू करतो. प्रस्ताव छापील होता, रंगीत होता, आणि वस्तीतल्या बऱ्याच पालकांना तो आवडला होता हेही नोंदवलं पाहिजे. इंग्रजी माध्यम कुणाला नको असतं?

याच संदर्भात बैठकीत एका तरुण शिक्षकाने न्यू ऑर्लिन्सचं उदाहरण काढलं. २९ ऑगस्ट २००५ ला कतरीना वादळ आलं, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. नोव्हेंबरात राज्याच्या विधिमंडळाने शंभराहून अधिक शाळा स्थानिक मंडळाकडून काढून राज्याच्या ताब्यातल्या यंत्रणेकडे दिल्या आणि त्या हळूहळू खासगी व्यवस्थापनाच्या चार्टर शाळा झाल्या. सात हजारांहून अधिक शिक्षक-कर्मचारी कामावरून काढले गेले. पुढे गुण वाढले, अभ्यासकांनी ते मोजलं आहे. पण गल्लीतली शाळा गेली, मुलं बसने शहरभर फिरू लागली, आणि वस्तीला ओळखणारे जुने, बहुतांश कृष्णवर्णीय शिक्षक परतले नाहीत. स्थानिक मंडळाकडे शाळांचा कारभार परत यायला २०१८ उजाडलं.

मला स्वतःला ही तुलना थोडी ताणलेली वाटते. तिथे अख्खं शहर रिकामं झालं होतं आणि शाळांची अवस्था वादळाआधीच बिकट होती. इथे एका ओढ्याकाठची काही हजार घरं. तरी त्या शिक्षकाचा मुद्दा पक्का होता: लोक घर शोधत फिरत असताना शाळेच्या मालकीचा निर्णय घेऊ नये, कारण विरोध करायला किंवा पाठिंबा द्यायलाही कोणी जागेवर नसतं. एका पर्यवेक्षकांनी जवळचं उदाहरण दिलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून शिकवलं. ते मोठंच काम, पण तिथे गावंच उरली नव्हती म्हणून मुलं हलवली. "आपली वस्ती आहे की जागेवर. ओली आहे, पण आहे," असं ते म्हणाले आणि बैठकीचा कल बदलला.

काय केलं

पहिला निर्णय शुक्रवारी, २७ ला झाला, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची दिशा त्यानेच ठरवली. दाखले मागायला पालक येऊ लागले होते. कुणी भोरला आईकडे चाललं होतं, कुणी सासरी वेल्ह्याला, कुणी थेट मराठवाड्यात. दाखला नाकारता येत नाही. कायद्याने मागितला की द्यायचा. मोठ्या बाईंनी नाकारला नाही. पण प्रत्येक पालकाला बसवून विचारलं, परत येणार की नाही? येणार म्हणाला तर दाखल्याऐवजी शाळेच्या शिक्क्याची चिठ्ठी: हा विद्यार्थी अमुक वर्गात शिकतो, पुरामुळे तात्पुरता आपल्या गावी आहे, त्याला वर्गात बसू द्यावं, पट आमच्याकडेच राहील. अशा चिठ्ठीचा कुठला नमुना नाही. वह्या गाळात गेल्या होत्या, म्हणून पहिल्या चिठ्ठ्या पोषण आहाराच्या तांदळाच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूवर लिहिल्या गेल्या. गावाकडच्या बहुतेक गुरुजींनी त्या मान्य केल्या. एका ठिकाणी केली नाही, तिथे मोठ्या बाईंनी फोन करून समजावलं.

ज्यांनी तरीही दाखला मागितला त्यांना त्याच दिवशी दिला. त्यावर शनिवारी शिक्षकांत वादही झाला. एक सर म्हणाले, "बाई, दोन दिवस थांबवा ना. सोमवारनंतर द्या." मोठ्या बाईंनी ऐकलं नाही. प्रशिक्षणात या जागी मतं सरळ दोन भागांत पडतात. पट टिकवण्यासाठी दोन दिवस दाखला लांबवणं हे अनेकांना गैर वाटत नाही. मला वाटतं. पूर ओसरल्यावर अंगावर उरलेल्या कपड्यांनिशी आलेल्या बाईला 'सोमवारी या' म्हणणारी शाळा तिच्या पुढच्या मुलाला मिळणार नाही.

दुसरा निर्णय रजिस्टरांचा. मावशी ती उन्हात पसरायला निघाल्या होत्या. एका माजी विद्यार्थिनीने, जी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करते, फोनवरच थांबवलं. ओली पानं ओढून उघडायची नाहीत, कडक उन्हात टाकायची नाहीत, पानं चिकटतात आणि आकसतात. जी आज हाताळता येणार नाहीत ती पिशवीत बांधून थेट गोठवायची म्हणजे बुरशी थांबते. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने डीप फ्रीजमधलं श्रीखंड बाहेर काढलं आणि तिथे १९४०-५० च्या दशकातली रजिस्टरं ठेवली. बाकीची वरच्या मजल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून, चार-पाच पानांमागे एक रद्दीचा कागद घालून, दर दोन-तीन तासांनी कागद बदलत. रद्दी वस्तीतून आली. सगळ्यात जुन्या रजिस्टरांतली दौतीची काळी शाई बऱ्यापैकी टिकली. मधल्या काळातली निळी शाई पसरून गेली. बॉलपेनच्या नोंदी जशाच्या तशा. गेल्या काही वर्षांतल्या काही नोंदी कुणीतरी जेल पेनने केल्या होत्या, त्या धुऊन निघाल्या, पण त्या 'सरल' या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत होत्या म्हणून नुकसान झालं नाही.

रद्दी घेऊन आलेल्या एका आजोबांनी सांगितलं, "आमचे कागद एकदा पानशेतात गेलेत. हे तरी राहू द्या." त्या दिवसानंतर पालक नसलेली माणसंही शाळेत हात लावायला येऊ लागली, कारण त्यांच्या घराण्याची ओळ त्या खोलीत वाळत होती. आपत्तीत 'लोकसहभाग' कसा मिळवावा यावर आम्ही बराच खडू झिजवतो. इथे तो आपोआप आला, आणि तो कशासाठी आला हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

तिसरा निर्णय शिक्षकांच्या ड्यूटीचा. पंचनाम्यांना मदत म्हणून शिक्षक मागितले गेले तेव्हा मोठ्या बाईंनी सूट मागण्याऐवजी एकच विनंती केली: आमचे शिक्षक द्या, पण आमच्याच वस्तीत द्या. ती मान्य झाली. नुकसानीची यादी करत घरोघरी फिरताना हातात वर्गाची यादीही होती. कोणतं मूल घरात आहे, कोणतं निवारा केंद्रात, कोणतं गावी, हे दोन-तीन दिवसांत कळलं. सोमवारी पट भरताना एकेका नावापुढे मूल कुठे आहे ते माहीत होतं. नुसत्या फुगवलेल्या पटात आणि या पटात हाच फरक होता, आणि पुढे तपासणीत तो उपयोगी पडला. निवडणुकीच्या ड्यूटीतून मात्र कुणी सुटलं नाही.

बसण्याची सोय तुकड्यातुकड्यांनी झाली. अभियंत्याने वरचा मजला वापरायला योग्य असल्याचं लेखी दिलं तेव्हा पाचवी ते सातवी तिथे. लहान वर्ग जवळच्या समाजमंदिरात आणि एका गणेश मंडळाच्या खोलीत. निवारा केंद्र रिकामं झाल्यावर काही वर्ग चढावरच्या शाळेत, तिथली सत्रं थोडी आखडून. ८ ऑक्टोबरला दसरा होता. त्याआधी पाटीपूजन वरच्या मजल्यावर झालं. नव्या पाट्या-वह्या देणगीतून आल्या होत्या, पण बऱ्याच मुलांनी वाळवलेली जुनीच वही पूजेला ठेवली. दुसरीच्या बाईंनी टिपलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: मुलं दप्तर जमिनीवर ठेवेनात. मांडीवर घेऊन लिहायची. ऑक्टोबरातही पाऊस थांबत नव्हता, आणि ढग गडगडले की वर्ग जिन्याकडे बघायचा. समुपदेशक एकदा येऊन गेले. खरं काम त्या बाईंनी केलं. पाऊस आला की त्या शिकवणं थांबवून मुलांना गॅलरीत नेऊन ओढा दाखवायच्या, किती पाणी आहे ते मुलांकडूनच सांगून घ्यायच्या.

आता तळमजला. इमारत मतदान केंद्र होती. केंद्रावर पाणी, वीज, उतार (रॅम्प), स्वच्छतागृह हवंच, आणि मतदान शक्यतो तळमजल्यावर. मोठ्या बाईंनी दुरुस्तीचा अर्ज शाळेच्या नावाने दिला होता, तो फिरत होता. मग त्यांनी तोच मजकूर मतदान केंद्राच्या सुविधांच्या अहवालात घातला. पॅनेल वर सरकवून बसवला गेला, गाळ निघाला, स्वच्छतागृहं सुरू झाली, सगळं २१ तारखेच्या आत. संरक्षक भिंतीसाठी महानगरपालिका अधिनियमाच्या ६७ (३) (क) खालची तातडीची तरतूद वापरायची चर्चा झाली. ती भिंत पुढे झाली, पण वेळ लागला. याला काही जण चलाखी म्हणतात. म्हणोत. मुलांच्या नावाने जे काम अडतं ते मतदाराच्या नावाने होतं, तर मुख्याध्यापकाने मतदाराचं नाव वापरावं.

न्यासाच्या प्रस्तावावर समितीची सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर घेतली. मुद्दाम. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. पण सप्टेंबरच्या शेवटी सभा बोलावली असती तर कोरम घरातला गाळ उपसत बसला असता. सभेत ठरलं की बाकं आणि संगणक घ्यायचे, चालवायला शाळा द्यायची नाही. इंग्रजीची मागणी मात्र समितीने लावून धरली आणि सेमी इंग्रजीसाठी विभागाकडे ठराव गेला. न्यासाने बाकं दिली. संगणक आले नाहीत.

निष्पत्ती

जानेवारीपर्यंत बहुतेक मुलं परतली होती आणि दोन्ही सत्रं स्वतःच्या इमारतीत भरत होती. शिक्षकांची पदं टिकली. रजिस्टरांतली काही पानं गेली, पण जुन्या नोंदी बहुतांश वाचल्या, आणि नंतर त्या स्कॅन करून घेतल्या.

परतली नाहीत ती मुख्यतः सातवीतल्या मुली. घर गेलं, भाड्याने लांब खोली घेतली, आणि एवढी मोठी पोरगी दोन बस बदलून शाळेत पाठवायला घर तयार नव्हतं. काहींची लग्नं ठरल्याचं कानावर आलं, दोन ठिकाणी शिक्षिका घरी जाऊन बोलल्या, एका ठिकाणी उपयोग झाला.

आणि बालवाडी. तिच्याबद्दल या सगळ्या कागदपत्रांत जवळजवळ काहीच नाही. ३० सप्टेंबरच्या पटात ती नव्हती, मतदानाच्या अहवालात नव्हती, अभियंत्याच्या तपासणीत 'तळमजला, पूर्व कोपरा' एवढीच होती. तिची मुलं पांगली, ताईंना दुसरीकडे काम मिळालं आणि ती खोली भांडाराची झाली. पुढच्या दोन वर्षांत पहिलीचा पट घसरला तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं.

मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या. गाव आणि घर यांचे पत्ते, बापाचा, मावशीचा, शेजाऱ्याचा फोन अशी जी यादी पुरात झाली होती ती टाळेबंदीत पहिल्याच आठवड्यात वापरात आली. ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पटाचा पेच लेखी मांडायला हवा होता. पूर २५ ला आला; २४ ची हजेरी किंवा आधीचा पट ग्राह्य धरावा अशी विनंती शुक्रवारीच वर पाठवता आली असती. मान्य झाली असती की नाही हा पुढचा भाग. पण ती गेलीच नाही, आणि तीन दिवस सगळी शाळा एका तारखेमागे धावली. त्याच तीन दिवसांत बालवाडीच्या ताई एकट्या मुलं शोधत होत्या.

तात्पुरत्या जागेत जाताना परतीची तारीख कुठेच लिहिली नव्हती. गणेश मंडळाच्या खोलीतले वर्ग डिसेंबरअखेर केवळ माघी गणेश जयंतीची तयारी सुरू होणार म्हणून हलले. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आठवण केली नसती तर ते तिथेच राहिले असते, असं तिथले शिक्षकच सांगतात. तात्पुरतं म्हणून हलवलेलं कायमचं होऊन बसतं, हा समायोजनातला धोका स्वतःच्या सोयीलाही होता, तो ध्यानात घ्यायचा राहून गेला.

सातवीच्या मुलींसाठी पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा पास हा साधा उपाय होता. त्यासाठी पैसे देणारेही त्या काळात दारात उभे होते. पण देणगीदार विचारायचे "काय हवं?" आणि शाळेतून उत्तर जायचं वह्या, दप्तरं, सतरंज्या. वह्या पुढचं वर्षभर पुरल्या.

निवारा केंद्र शाळेतच का, हा प्रश्न मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी उत्तर येतं की दुसरी जागा कुठे आहे. जागा असतात: मंगल कार्यालयं, बंद पडलेल्या मंडया, मोठी वाहनतळं. त्या आधी ठरवून ठेवाव्या लागतात, पावसाळ्याच्या आत, क्षेत्रीय कार्यालयाच्या यादीत. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं तेव्हा या शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांनी त्या यादीची चौकशी केली. यादीत त्यांची शाळाच निवारा केंद्र म्हणून होती, तळमजल्यासह. त्यांनी पत्र दिलं आहे. रजिस्टरं आता वरच्या मजल्यावर आहेत, विजेचा पॅनेलही वर आहे, आणि कार्यालय अजून खालीच आहे, कारण वर हलवायचं तर एक वर्ग कमी होतो आणि यंदा पहिलीला दोन तुकड्या आहेत.